एकच चिप, दोन फोन : छापील आकडे कसे वाचायचे

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाच आहे. शाओमीचा रेडमी नोट ४ आणि मोटोरोलाचा मोटो जी५ प्लस. भारतात पहिला जानेवारी २०१७ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी मार्चमध्ये. आज हे फोन कुणाच्या खणात पडलेत, कुणाच्या घरी आजी-आजोबा वापरतायत, आणि जुन्या फोनच्या दुकानात अजूनही मिळतात.

हीच जोडी का घेतली? दोघांच्या पोटात एकच चिप आहे, स्नॅपड्रॅगन ६२५. १४ नॅनोमीटर तंत्रावर बनलेली, आठही कोर, म्हणजे हिशेब करणारे गाभे, कॉर्टेक्स ए५३ जातीचे, कमाल वेग २ गिगाहर्ट्झ, ग्राफिक्सला अ‍ॅड्रिनो ५०६. पडद्याचे पिक्सेलही सारखेच, १०८० बाय १९२०. प्रोसेसरचं भांडण त्यामुळे आधीच मिटलं. आता जो फरक उरतो, तो कंपनीने पैसा कुठे घातला आणि कुठे वाचवला याचा. इतकी स्वच्छ जोडी तुलनेला क्वचित मिळते.

आधी नावाची खबरदारी घेऊ. ‘रेडमी नोट ४’ या नावाचे फोन दोन. ऑगस्ट २०१६ मध्ये चीनमध्ये आला त्यात मीडियाटेकची दहा कोरची हेलिओ एक्स२० होती, त्याचं सांकेतिक नाव ‘निकेल’. आपल्याकडे विकला गेला तो स्नॅपड्रॅगनवाला, ‘मिडो’. एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही, जबरदस्ती केलीत तर फोन सुरूच होणार नाही. मोटोचंही तसंच : अमेरिकेत विकल्या गेलेल्या जी५ प्लसमध्ये एनएफसी, म्हणजे फोन टेकवून पैसे देण्याची सोय, नव्हतं, युरोपातल्यात होतं. म्हणून फोनच्या वैशिष्ट्यांचा तक्ता वाचण्याआधी मॉडेल क्रमांक बघा, नाव नंतर.

आता कॅमेरा. इथे मी वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. रेडमीचा कॅमेरा १३ मेगापिक्सेल, मोटोचा १२. दुकानात एवढंच सांगितलं जातं, आणि गिऱ्हाईक १३ कडे झुकतं. जरा हिशेब करू. मेगापिक्सेल म्हणजे लांबी गुणिले रुंदी. १३ ला १२ ने भागा आणि वर्गमूळ काढा, फरक येतो ४ टक्के. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापलात तर एक फोटो १४ इंच रुंद येईल, दुसरा साडेतेरा इंचांच्या जरा आत. या अर्ध्या इंचासाठी आपण निर्णय फिरवतो.

त्याच तक्त्यात बारीक अक्षरांत आणखी दोन आकडे असतात, तिकडे कुणी बघत नाही. एक पिक्सेलची बाजू : रेडमीत १.१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मोटोत १.४. दोन, भिंगाचं छिद्र : रेडमीत एफ २.०, मोटोत एफ १.७. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं, हे लक्षात ठेवा. आता गुणाकार. पिक्सेलचं क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १.९६ भागिले १.२५, साधारण १.५६ पट. छिद्राचंही वर्गानेच : २.० भागिले १.७, त्याचा वर्ग १.३८. दोन्ही गुणले की २.१६. मोटोच्या प्रत्येक पिक्सेलवर दुपटीहून जास्त उजेड पडतो. १३ विरुद्ध १२ या मथळ्याखाली हा दुपटीचा फरक झाकला जातो, आणि माझी तक्रार आहे ती याचीच.

प्रत्यक्षात काय होतं? दोन्ही फोनमध्ये भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे ओआयएस, नाही. समईच्या उजेडात रेडमीला फोटोसाठी सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर तेवढ्याच दाणेदारपणात मोटो तिसाव्या भागात काम उरकतो. स्थिर मूर्तीला दोन्ही चालतील. पण मांडीवरचं मूल हात हलवतंय, तर पंधराव्या भागात तो हात पुसटच येणार. उन्हात काढलेले फोटो शेजारी ठेवलेत तर फरक शोधावा लागेल, हेही सांगतो. उजेड मुबलक असला की छोटा पिक्सेलही पोटभर घेतो.

फोकसची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. फेज डिटेक्शन, म्हणजे भिंगाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या उजेडाची तुलना करून फोकस साधणं, दोन्हीकडे लिहिलंय. रेडमीत ते काम सेन्सरवर विखुरलेले मोजके पिक्सेल करतात. उजेड कमी झाला की त्यांना पुरेसा संकेत मिळत नाही, मग फोन कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रातला उजेड-अंधाराचा फरक, पाहून अंदाज घेतो आणि भिंग पुढेमागे सरकत राहतं. पडद्यावर चित्र एकदा पुसट, एकदा स्पष्ट, पुन्हा पुसट होताना तुम्ही पाहिलं असेल. मोटोत ड्युअल पिक्सेल आहे : प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग, त्यामुळे फोकस मोजायला जवळजवळ सगळा सेन्सर हाताशी.

कोरच्या संख्येचंही एक उदाहरण देतो, विषय जरा बाजूला जाईल, पण रोग तोच आहे. २०१६ च्या रेडमी नोट ३ मध्ये स्नॅपड्रॅगन ६५० होती, सहा कोरची. नोट ४ मध्ये आठ. पण त्या सहांपैकी दोन ताकदवान कॉर्टेक्स ए७२ होते. अ‍ॅप उघडणं, पान दाखवणं ही कामं एकदोन कोरवरच पडतात, म्हणून तिथे जुना नोट ३ पुढे असे. नव्याची कमाई वेगळी होती : २८ ऐवजी १४ नॅनोमीटर, म्हणजे कमी उष्णता, कमी वीज. ‘सहाचे आठ झाले’ या वाक्यात यातलं काहीच कळत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत, आणि बॅटरी व किंमत अजून बाकी आहे. भरभर सांगतो.

रेडमी ४१०० एमएएच, मोटो ३०००. फरक ३७ टक्के. पडदे साडेपाच आणि ५.२ इंच, म्हणजे रेडमीचा १२ टक्के मोठा. त्याने जास्तीची वीज ओढली तरी वीस टक्क्यांवर फायदा शिल्लक राहतो. उलट चार्जर रेडमीचा १० वॅटचा, मोटोचा १५ चा. मोठी बॅटरी आणि लहान चार्जर, म्हणून रेडमीला पूर्ण भरायला दोन तासांच्या वर लागतात.

जुना फोन घेताना बॅटरी अशी तपासा : फोन शून्यावर बंद पडू द्या, चार्जर आणि फोनच्या मध्ये वीज मोजणारा यूएसबी मीटर लावा, बंद ठेवूनच पूर्ण भरा, आणि मीटरवरचे वॅट-अवर वाचा. एमएएच वाचू नका. रेडमीची बॅटरी ३.८५ व्होल्टची, म्हणजे सुमारे १५.८ वॅट-अवर. भरतानाची गळती धरून मीटरवर १८ च्या आसपास दिसायला हवेत. हेच १८ वॅट-अवर ५ व्होल्टवर ३६०० एमएएच दिसतात, ४१०० पेक्षा कमी, आणि चांगली बॅटरी उगाच बाद ठरते. मोटोचा चार्जर ९ व्होल्टवर गेला तर आकडा दीड हजारापर्यंत खाली येईल, घाबरू नका. रेडमीत १२ वॅट-अवरच भरले, तर बॅटरी दोनतृतीयांश उरली आहे. बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

किंमत, २०१७ मध्ये बाजारात आले तेव्हाची. रेडमी ९,९९९ रुपयांपासून होता, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठ्याचा १२,९९९ ला. मोटो ३ जीबी रॅम आणि १६ जीबी साठ्याचा १४,९९९, ४ आणि ३२ चा १६,९९९. मोटोने पैसा कॅमेऱ्यात आणि चार्जरमध्ये घातला, शाओमीने साठा आणि बॅटरी दिली. १६ जीबीचा मोटो आणि २ जीबी रॅमचा रेडमी, हे दोन आज स्वस्त मिळाले तरी घेऊ नका : एकात अपडेटलाच जागा उरत नाही, दुसऱ्यात मागची अ‍ॅप सतत बंद होतात.

शेवटचे दोन मुद्दे. ४जीचे ३, ५ आणि ४० हे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, आणि व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच बोलण्याची सोय, दोन्हीकडे आहे, त्यामुळे बोलण्याची अडचण नाही. मोटो अँड्रॉइड ८.१ पर्यंत गेला. रेडमीला एमआययूआय ११, म्हणजे अँड्रॉइडवर चढवलेलं शाओमीचं आवरण, मिळालं, पण खाली अँड्रॉइड ७ च राहिलं. सुरक्षेचे अपडेट दोघांचेही थांबलेत, म्हणून बँकेचं अ‍ॅप यांवर ठेवू नका. घरात फोटोसाठी हवा असेल तर ३२ जीबीचा मोटो. दिवसभर हॉटस्पॉट, गाणी आणि फोनसाठी हवा असेल तर रेडमी, ३ किंवा ४ जीबी रॅमचा. रेडमी घेताना डायलरवर *#*#६४८४#*#* दाबा, चाचण्यांची यादी उघडेल. स्पर्श, दोन्ही माइक आणि फोन कानाला लावल्यावर पडदा बंद करणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर दुकानातच तपासून घ्या.