ठेव आपली, कोळसा कुणाचा?

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय, 'कोळसा आणि बँका: सामान्य ठेवीदार काय करू शकतो?' त्यातलं 'काय करू शकतो' मी शेवटी सांगणार आहे. म्हणजे मधे कुणी उठणार नाही.

सुरुवात क्रिकेटपासून करतो. 27 नोव्हेंबर 2020, सिडनी. करोनाच्या मोठ्या खंडानंतर आपला संघ पुन्हा मैदानात उतरत होता, त्यामुळे सकाळी नऊलाच घरोघर टीव्ही लागले होते. सहावं षटक सुरू व्हायचं होतं, नवदीप सैनीच्या हातात चेंडू, आणि दोन माणसं मैदानात घुसली. आता मैदानात घुसणारे आपल्याला नवे नाहीत. कुणी खेळाडूच्या पाया पडायला येतो, कुणी मिठी मारायला. यांच्याकडच्या फलकावर मात्र चक्क आपल्या स्टेट बँकेचं नाव होतं! अदानींना 1 अब्ज डॉलरचं कर्ज देऊ नका, असा मजकूर. आमच्याकडे पहिला प्रश्न आला तो सौभाग्यवतींकडून, "अहो, आपली पेन्शन जमा होते तीच का ही बँक?" तीच. त्या दिवशी फिंच आणि स्मिथ दोघांनीही शतकं ठोकली, ऑस्ट्रेलियाच्या 374 धावा झाल्या. आपल्या गोलंदाजांपेक्षा त्या दोन आंदोलकांनीच त्यांना जास्त वेळ थोपवलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. (हशा)

भानगड काय होती? क्वीन्सलंडमध्ये कारमायकल नावाची कोळशाची खाण. अदानी समूहाने 2010 मध्ये ती घेतली. बेत अवाढव्य होता: वर्षाला 6 कोटी टन कोळसा, 388 किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग, साडेसोळा अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा खर्च. नोव्हेंबर 2014 मध्ये जी-20 साठी पंतप्रधान ब्रिस्बेनला गेले, तेव्हा तिथेच स्टेट बँकेने या खाणीसाठी 1 अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाच्या सामंजस्य करारावर सही केली. इकडे ओरड झाली तेव्हा अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांनी खुलासा केला की हा नुसता करार आहे, छाननी व्हायची आहे. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम झाला, पत्रिका छापायच्या होत्या.

तिकडच्या लोकांनी मग काय केलं, तर बँकांच्या दारात ठिय्या दिला. खाती बंद करायला रांगा लावल्या. 2017 संपेपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या चारही मोठ्या बँकांनी या खाणीपासून हात झटकले होते.

मला वाटलं, ते करतात तर आपण का नाही? माझी एक मुदत ठेव आहे. कुठल्या बँकेत ते सांगत नाही, मॅनेजर सज्जन आहेत. मी साध्या मराठीत अर्ज लिहिला: 'माझ्या ठेवीतला पैसा कोळशाच्या प्रकल्पांना कर्जाऊ जातो का, कृपया कळवावे.' खिडकीवरच्या मुलाने तो दोनदा वाचला. मग अत्यंत आपुलकीने म्हणाला, "काका, केवायसी अपडेट आहे का?" म्हटलं, आहे. "पंधरा एच भरलाय?" भरलाय. "मग प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, कोळसा. त्याने मला कर्ज विभागात पाठवलं. तिथल्या मॅडमना वाटलं मला कोळशाची वखार काढायची आहे, आणि त्यांनी मुद्रा योजनेचं माहितीपत्रक हातात ठेवलं! (हशा) बरं, पोचपावतीचा शिक्का मात्र मी मारून घेतला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय, शिक्का घेतल्याशिवाय पाय निघत नाही. पुढच्या आठवड्यात एसएमएस आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' तक्रार कुठे होती? प्रश्न होता! आणि खाली, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल.

हसू नका, माझं खरं दुखणं इथेच आहे. कारण त्याच सुमाराला पॅरिसमध्ये काय झालं बघा. अमुंडी ही युरोपातली सर्वांत मोठी गुंतवणूक व्यवस्थापन कंपनी. तिच्याकडे स्टेट बँकेचे हरित रोखे होते, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी उभारलेलं कर्ज. सामन्याच्याच सुमाराला, त्या कर्जाची चर्चा पुन्हा निघालेली असताना, तिने जाहीर बजावलं: या खाणीला कर्ज दिलंत तर आम्ही रोखे विकून मोकळे होऊ. पुढे विकलेही. एका हाताने हरित म्हणून पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कोळशाला द्यायचे, तिजोरी तर एकच! पण अमुंडीला केवायसी कुणी विचारली नाही. बँक नरिमन पॉइंटची, ठेवी तुमच्या-आमच्या, आणि जाब विचारायची सोय पॅरिसला.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. अध्यक्षमहोदय, सात म्हणजे दहा धरतो.

तर मुख्य मुद्दा. खाण थांबली का? नाही. 2021 च्या अखेरीस पहिलं जहाज कोळसा घेऊन निघालं. पण कर्जाच्या वाटा बंद झाल्यावर 2018 मध्ये समूहाने स्वतःच्या पैशाने खाण काढायचं ठरवलं, तेव्हा तिचा पहिला टप्पा वर्षाला 1 कोटी टनांवर आला होता आणि रेल्वेमार्ग 200 किलोमीटरवर. बँका मागे सरल्या की प्रकल्प आक्रसतो, लांबतो, महागतो. आंदोलनाची मिळकत एवढीच, आणि ती थोडी नाही.

दुसरं. 'ही पर्यावरणवाल्यांची फॅशन' म्हणणाऱ्यांसाठी. 2018 मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीतले 34 औष्णिक, म्हणजे कोळशावर वीज करणारे, प्रकल्प मोजले. त्यांच्याकडून येणं असलेलं कर्ज सुमारे 1.74 लाख कोटी रुपये. लांब कशाला, अमरावतीजवळचा नांदगाव पेठचा 1350 मेगावॅटचा प्रकल्प घ्या. साडेसहा हजार कोटींवरचं कर्ज बँकांनी चार हजार कोटींच्या आसपास मिटवलं. उरलेले कुणाचे गेले? चंद्रपूरच्या धुराचा हिशेब तर मी अजून धरलेलाच नाही. वीज लागते, मान्य. चालू संच उद्या बंद करा असं मी म्हणत नाही, नव्याला माझी ठेव नको, एवढंच म्हणतो. केरळातल्या फेडरल बँकेने कोळशाला नवं कर्ज न देण्याचं धोरण घेतलं, ती काही बुडाली नाही.

आता 'काय करू शकतो'. ठेवीदाराला बँकेच्या वार्षिक सभेत जागा नाही, भागधारकाला आहे. म्हणून शेअर बाजारात नोंदलेल्या आपल्या बँकेचा एक शेअर घ्या. वार्षिक अहवाल मागवा, सभेआधी प्रश्न लेखी पाठवा: कोळशाच्या खाणी आणि औष्णिक प्रकल्पांना एकूण कर्ज किती, त्यातलं थकीत किती, नवं किती मंजूर केलं? विशेषणं नकोत, आकडे मागा. एकट्याने नको, सोसायटीतल्या दहा जणांनी तोच प्रश्न पाठवा. डीमॅट खातं नसेल तर नातवाला सांगा, दहा मिनिटांत काढून देईल. तो शेअर कधी विकायचा हेही सांगेल, ते मात्र ऐकू नका. सभेच्या आधीपासून शेअर नावावर असावा लागतो.