लहान गावाचं पान आणि तिसरा माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

विकिपीडियावर महानगरांच्या पानांवर अनेकांचा पहारा असतो. तिथे कुणी उगाच आकडा बदलला, की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतं, याला आधार काय? लहान गावाच्या पानाकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. वाद पेटला, तर बहुधा दोघांतच पेटतो. एक म्हणतो गाव चारशे वर्षांचं, दुसरा म्हणतो सहाशे. पहिला लिहितो, दुसरा उलटवतो, म्हणजे तो बदल रद्द करून आधीचा मजकूर परत आणतो, पहिला परत लिहितो. पानाच्या ‘इतिहास’ विभागात हे सगळं तारीख-वेळेसकट नोंदलं जातं. वेळ मिळाला तर एखाद्या गावाचा हा इतिहास वाचून बघा. कधीकधी तो मूळ लेखापेक्षा रंगतदार असतो.

भांडणाची कारणं ठरलेली. लोकसंख्येचा वाद अनेकदा वाद नसतोच. एकानं नगरपालिकेच्या हद्दीतला आकडा घेतलेला असतो, दुसऱ्यानं आसपासच्या वस्त्यांसकट. कुठल्या वर्षीची जनगणना आणि कोणती हद्द, एवढं सांगून दोन्ही आकडे दिले, की मिटलं. ‘प्रसिद्ध व्यक्ती’ ही यादी मात्र मिटता मिटत नाही. तिथे कुणाचे काका येतील, सांगता येत नाही!

खरी पंचाईत होते ती गावाच्या जुनेपणाची. विकिपीडियाचा नियम असा, की लिहिलेली गोष्ट प्रकाशित आणि विश्वासार्ह स्रोतात तपासता आली पाहिजे. स्वतःचं संशोधन तिथे पहिल्यांदा मांडायचं नाही. आता ज्या गावावर उभ्या जन्मात एक पुस्तक निघालेलं नाही, त्यानं काय करायचं? एखाद्या वृद्ध गृहस्थांना वेशीचा दगड कुणी बसवला ते पक्कं ठाऊक असतं. ते लिहितात, आणि कधी त्या गावात पाऊल न टाकलेला कुणी तरुण ते काढून टाकतो. ‘अहो, मी इथंच वाढलोय’ हा युक्तिवाद चालत नाही. राग येणं साहजिक आहे. तरीही मी नियमाच्या बाजूचा आहे, कारण सहाशे वर्षं म्हणणाराही तिथंच वाढलेला असतो.

आधार मागण्यातही एक चकवा आहे. 2008 साली एका अमेरिकन विद्यार्थ्यानं कोआटी नावाच्या प्राण्याच्या पानावर, त्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असंही म्हणतात, अशी थाप मारून ठेवली. पुढे ते नाव वर्तमानपत्रांत आलं, एका विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलेल्या पुस्तकात आलं, आणि मग त्याच छापील मजकुराचा पानावर संदर्भ जोडला गेला. गावाच्या बाबतीत हे आणखी सोपं. बातमीदार घाईत पानावरूनच स्थापनेचं वर्ष उचलतो, आणि महिन्याभरानं त्याचं कात्रण पुरावा म्हणून हजर होतं. म्हणून संदर्भ पाहताना त्याची तारीख बघा. पानावरचं वाक्य आधीचं की बातमी, हे तोच ‘इतिहास’ सांगतो.

उलटवाउलटवीला इंग्रजी विकिपीडियावर लगाम आहे. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंत, तर सहसा संपादनबंदी येते. तुमचं म्हणणं बरोबर होतं, ही सबब चालत नाही. पण बंदीनं हात थांबतात, मतं नाहीत. तिथे दोघांचाच वाद अडला, तर तिसऱ्याचं मत मागवायची रीतसर सोय आहे. लहान गावाच्या पानाला नेमका हाच माणूस कमी पडतो. तो निवाडा देत नाही. ‘तुम्ही दोघं एकाच काळाबद्दल बोलताय का?’ एवढं विचारतो.

असा प्रश्न मोठ्या शहरांनाही लागू पडतो. पोलंडमधल्या एका बंदराला ग्दान्स्क हे पोलिश नाव वापरायचं की डान्त्सिग हे जर्मन, यावर इंग्रजी विकिपीडियावर प्रचंड भांडण झालं. शेवटी 2005 साली मतदानातून तोडगा निघाला तो कालखंडांचा: 1308 ते 1945 या काळासाठी डान्त्सिग, त्याआधी आणि नंतर ग्दान्स्क.

गावाच्या वयालाही हे जमतं. जुन्यात जुना लेखी उल्लेख कधीचा, नगरपालिका कधी झाली, आणि गावकरी काय सांगतात, ही तीन वेगळी वाक्यं आहेत. तिसऱ्या वाक्यालाही छापील आधार लागतोच. तेव्हा तुमच्याकडे जुनी स्मरणिका किंवा गॅझेटियरचं पान असेल, तर लेखाला हात लावण्याआधी त्याचं नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक त्या लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर लिहा, खाली सही करा, आणि समोरच्याला उत्तर द्यायला दोन-चार दिवस द्या.