मांडवीतली बोट चालते, मग मोबाइलवरची जाहिरात का नाही?

नमस्कार मंडळी. परवा फोंड्याला एका गाड्यावर भजी-पाव खात उभा होतो. शेजारच्या माणसाने मला ओळखलं आणि थेट विषयालाच हात घातला. "तुम्ही इंटरनेटचं सांगता ना? मग हे सांगा. पणजीत शिरलं की कॅसिनोचे फलक. मांडवीत रात्रभर दिव्यांची लखलख. आणि गुगल म्हणे ऑनलाइन जुगाराची जाहिरात घेत नाही. हे कसलं सोवळं?"

प्रश्न फक्कड आहे. भजी संपेपर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज हा व्हिडिओ.

आधी आपल्या गोव्याचं. इथला जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट दिली आणि १९९६ मध्ये पाण्यातल्या बोटींना. म्हणजे कॅसिनोला परवानगी मिळते ती त्या हॉटेलात, त्या बोटीवर. तुमच्या खिशातल्या फोनसाठी ती नाही. आणि गंमत बघा, २०२० पासून आम्हा गोंयकारांना तर त्या बोटीवर जाऊनही खेळायला बंदी आहे. दिवे आमच्या नदीत, खेळणारे बाहेरचे. असो.

गुगलच्या जाहिरात धोरणात जुगाराचे कप्पे पाडलेत. खऱ्याखुऱ्या जागेतला कॅसिनो एका कप्प्यात, ऑनलाइन जुगार दुसऱ्या. रमी, फॅन्टसी (खऱ्या सामन्यावर आपला काल्पनिक संघ लावायचा) असले खेळ तिसऱ्यात. नुसतं कॅसिनोसारखं दिसणारं, पण पैसे जिंकता न येणारं ॲप चौथ्यात. ऑनलाइन जुगाराची जाहिरात करायची तर आधी गुगलकडून प्रमाणपत्र घ्यायचं, तेही देशागणिक वेगळं. एका देशात चालतं म्हणून दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. ज्या देशात दाखवायची, तिथला कायदा बघितला जातो. आणि फक्त खेळवणाराच यात येतो असं समजू नका. सट्ट्याच्या टिप्स विकणारा, बोनस कोड वाटणारा, "टॉप दहा बेटिंग साइट" अशी यादी करून दलाली खाणारा, सगळे याच नियमात.

ही शिस्त कुठून आली? कायद्याच्या धाकातून. अमेरिकेत गुगल आणि याहूने २००४ मध्ये जुगाराच्या जाहिराती बंद केल्या. तरी आधीच्या जाहिरातींचं प्रकरण मिटवायला २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, याहू आणि गुगल या तिघांना मिळून ३ कोटी १५ लाख डॉलर मोजावे लागले. आणि २००८ मध्ये गुगलने ब्रिटनमध्ये याच जाहिरातींना दार उघडलं, कारण तिथे त्या कायद्यात बसत होत्या. तेव्हा सोवळं-ओवळं यात काही नाही. वकील सांगतो तसं धोरण हलतं.

भारतात तर मामला अजून मजेशीर झाला. फॅन्टसी आणि रमीला प्रमाणपत्र घेऊन जाहिरातीची मुभा होती, बाकीच्या पैशांच्या खेळांना नाही. मग विन्झो नावाची ऑनलाइन खेळांची कंपनी स्पर्धा आयोगाकडे (बाजारात कोणी दादागिरी करतंय का ते बघणारी सरकारी संस्था) गेली, की या दोघांचेच लाड का? नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने गुगलच्या चौकशीचा आदेश दिला. हा वाद रंगात येतोय तोवर संसदेने पटच उचलला. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली, त्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. कौशल्याचा की नशिबाचा, हा घोळच नको. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग अजून दिसतं ते काय?

(स्क्रीनवर फोन)

हे बघा. यादीत वर "प्रायोजित" लिहिलंय ना, ती जाहिरात. बाजूला तीन ठिपके आहेत, ते दाबा. जाहिरातदाराचं नाव आणि देश दिसतो. शीर्षक स्वयंपाकाच्या क्लासचं आणि जाहिरातदार तिसऱ्याच देशातली, कधी न ऐकलेली कंपनी, असं दिसलं की सावध व्हा. याला क्लोकिंग म्हणतात. तपासणाऱ्याला एक पान दाखवायचं, गिऱ्हाइकाला दुसरं. जत्रेत पोलिस आले की फाशांच्या पटावर कापड पडतं आणि वर खाज्याची परडी येते, अगदी तसं.

पण खरी गोम त्याच्या खाली आहे. आमच्या वाड्यावरचे एक काका रोज मटक्याचा आकडा शोधतात. ओपन, क्लोज, जोडी, सगळं तोंडपाठ. वर एकही जाहिरात नसते. खाली मात्र साइटींची रांग, "आजचा फिक्स आकडा, व्हॉट्सॲपवर या". काका म्हणतात, "पहिल्या पानावर आलंय, म्हणजे कोणीतरी तपासलंच असेल." काका, नाही तपासलेलं! जाहिरातीचं धोरण फक्त त्या "प्रायोजित" चौकटीपुरतं. खालच्या निकालांना स्पॅमचे वेगळे नियम आहेत, पण आधी प्रमाणपत्र दाखव मग ये, असं तिथे काही नसतं. त्यात हे लोक कॉलेजांच्या, सरकारी खात्यांच्या जुन्या साइट हॅक करून आत आपली पानं घुसवतात. पत्ता घरंदाज, आत मटका.

आमच्यासारख्या चॅनेलवाल्यांनाही नियम लागलाय. १९ मार्च २०२५ पासून गुगलने मान्यता न दिलेल्या जुगार साइटकडे यूट्यूबवर कोणी प्रेक्षकांना पाठवायचं नाही. लिंक नको, लोगो नको, तोंडी नावही नको.

हे मला पाठ आहे, कारण चवथीच्या आठवड्यात एका एजन्सीचा ईमेल आला होता. "सर, नाव घेऊ नका, फक्त टी-शर्ट घाला. छातीवर लोगो आहे." मी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी पुन्हा आला, रक्कम दुप्पट, आणि खाली एक ओळ वाढलेली: "टी-शर्टचा साइज कळवा."