विंडो मारण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडच्या सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, जिनिंगच्या काट्यावर जे कम्प्युटर आहेत, त्यातले बरेचसे परवापरवापर्यंत विंडोज १० वर चालत होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या विंडोजचे मोफत सुरक्षा अपडेट नेहमीच्या पद्धतीने मिळणं थांबलं आणि लोकांनी विंडोज ११ टाकून घ्यायला सुरुवात केली. मी दुरुस्तीचं काम करतो. तेव्हापासून मला येणाऱ्या फोनवर दोन वाक्यं हमखास असतात. पहिलं, "भाऊ, अकरा टाकल्यापासून कम्प्युटर मधातच बंद पडते." आणि लगेच दुसरं, "आता त विंडोच मारून द्या."

या दुसऱ्या वाक्यासाठी मी आज तुमच्याशी बोलतो आहे. विंडो मारणं, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकणं, हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो पहिलाच होऊन बसला आहे, आणि त्यात लोकांचं फार नुकसान होतं.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात एक ताई सेवा केंद्र चालवतात. नवी विंडोज टाकली आणि कम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा बंद पडायला लागला. समोर शेतकरी बसलेला, अर्ज अर्धा भरलेला, आणि पडदा जातो. महिन्याभरात त्यांनी दोनदा विंडो मारून घेतली. पहिल्याच वेळी दोन वर्षांचे स्कॅन गेले: सातबारे, पासबुकं, जातीचे दाखले. कोणी बाजूला काढूनच ठेवले नव्हते. दोन दिवस कम्प्युटर बरा चालला, तिसऱ्या दिवशी परत तेच.

मी गेलो तेव्हा आधी कम्प्युटरला हात लावला नाही. ताईंना शंभर पानांची एक वही घ्यायला सांगितली. बंद पडला की तारीख, वेळ, तेव्हा काय काम चाललं होतं ते आणि पडद्यावर काय आलं ते लिहायचं. अक्षरं आली तर मोबाईलने फोटो काढायचा. फोटो काढायला वेळ मिळावा म्हणून एक सेटिंग बदलून दिलं. तुम्हीही बदलून घ्या. खालच्या सर्चमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' शोधा, त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढून टाका. मग तो पडदा तुम्ही बटण दाबून बंद करेपर्यंत तसाच राहतो. आधी हा पडदा निळा असायचा, २०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा येऊ लागला. रंग कोणताही असो, त्यावर एक कोड असतो आणि पुष्कळदा खाली बिघडलेल्या फाईलचं नावही असतं.

आठ दिवसांनी वही पाहिली. बारा नोंदी होत्या, आणि वाचताना कळलं की आजार एक नाही, दोन आहेत.

सात नोंदींपुढे ताईंनी 'अंगठा' असं लिहिलं होतं. ई-केवायसीसाठी अंगठा लावायची मशीन जोडली की पडदा यायचा आणि सातही फोटोंत एकच कोड होता, 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. खाली फाईलचं नाव होतं, ते त्याच मशीनच्या ड्रायव्हरचं निघालं. ड्रायव्हर म्हणजे जोडलेली मशीन विंडोजला चालवता यावी म्हणून टाकायचा छोटा प्रोग्राम. मशीनसोबत आलेली जुनी सीडी ताईंनी जपून ठेवली होती आणि दोन्ही वेळा विंडो मारल्यावर तिच्यातूनच ड्रायव्हर टाकला गेला होता. सगळं पुसून परत तोच काटा पायात भरला, म्हणून तिसऱ्या दिवशी परत ठणका. जुना ड्रायव्हर काढला, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ चा घेतला. अंगठ्याच्या नोंदी त्या दिवसापासून थांबल्या.

एका ड्रायव्हरमुळे अख्खा कम्प्युटर का थांबावा? तर ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतो. साधा प्रोग्राम चुकला तर तेवढाच बंद होतो. गाभ्यात चूक झाली की पुढे चालत राहिल्यास साठवलेली माहितीच खराब व्हायची भीती, म्हणून विंडोज स्वतःहून सगळं थांबवते. १९ जुलै २०२४ आठवतो? एका सुरक्षा प्रोग्रामच्या सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख कम्प्युटर असेच थांबले होते, आपल्या देशात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथलाही इलाज विंडो मारणं नव्हता. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरती सुरू करून, ती एक फाईल पुसायची होती.

आता उरलेल्या पाच नोंदी. त्यांपुढे ताईंनी लिहिलं होतं, 'काहीच आलं नाही, गपकन बंद.' काम दरवेळी वेगळं. कोणाचा दाखला, कोणाची प्रिंट, एकदा तर नुसतं सुरू ठेवलं होतं. मी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतःच्या घडामोडी जिथे लिहून ठेवते ते, उघडून पाहिलं. तिथे 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद होती आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे पडद्यावर येतो तो बिघाडाचा कोड, शून्य होता. म्हणजे विंडोजला कोड लिहायलाही सवड मिळाली नव्हती. असं दिसलं की माझी नजर आधी विजेकडे जाते. वेळा होत्या सकाळी साडेनऊच्या आसपास आणि संध्याकाळी सहा-साडेसहा. मी त्या मोठ्याने वाचत होतो, तर आतून ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "हे त चक्कीची येळ हाये."

केंद्राला लागूनच आटाचक्की आहे. तिची मोटर उचलली की क्षणभर दाब पडतो, खोलीतला बल्ब पिवळा होतो. यूपीएसने तो क्षण सांभाळायला हवा होता, पण त्याची बॅटरी कधीच मेली होती. तपासणं सोपं आहे. सगळं काम सेव्ह करून कम्प्युटर बंद करा, यूपीएसवर साधा बल्ब लावा आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढा. बल्ब लगेच विझला तर बॅटरी गेली. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ती फार दिवस तग धरत नाही. ताईंना विचारलं, आधी असं होत नव्हतं का? थोडा विचार करून म्हणाल्या, व्हायचं भाऊ, पण तेव्हा आम्ही लाईन गेली म्हणायचो. नवी विंडोज आली आणि सगळा आळ तिच्यावर गेला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नवं काही टाकल्यानंतर जे घडतं ते सगळं त्यानेच घडवलेलं नसतं.

बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. कोड दरवेळी वेगळा येत असेल, कामाचा काही मेळ नसेल, तर रॅम, म्हणजे कम्प्युटरची चालू कामाची मेमरी, तपासा. सर्चमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' मिळतं. तासभर चालून गरम झाल्यावर बंद पडत असेल तर सीपीयूचा डबा उघडा. कापसाच्या हंगामात मी पंख्याच्या जाळीतून रुईची अशी गादी काढली आहे की ती चिमटीत धरून अखंड उचलता आली. पिन काढून, पंखा बोटाने धरून मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भरधाव फिरून खराब होतो. रॅमची सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅमही बदलली, ड्रायव्हरही बदलला, आणि कम्प्युटर बरा झाला, तर कशाने बरा झाला ते कधीच कळणार नाही.

कम्प्युटर नीट सुरूच राहत नसेल तर शिफ्टचं बटण दाबून धरा आणि रिस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, मग ४ चा आकडा. हा सेफ मोड. यात मोजकेच ड्रायव्हर चालतात. इथे तासभर टिकला तर बहुतेक दोष ड्रायव्हरचा किंवा एखाद्या प्रोग्रामचा. इथेही बंद पडला तर रॅम, डिस्क किंवा उष्णता पाहायची. टिकला की पहिलं काम म्हणजे लोकांची कागदपत्रं पेनड्राईव्हवर घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

ज्यांनी नुकतंच, काही न पुसता, दहावरून अकरावर नेलं आहे त्यांच्यासाठी एक वाट उघडी असते, पण फक्त १० दिवस. सेटिंग्जमध्ये सिस्टम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. जुनी विंडोज परत येते, फाईली जागेवर राहतात, मात्र नंतर टाकलेले प्रोग्राम जातात. सी ड्राईव्हमधलं 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर जागा अडवतं म्हणून कोणी पुसलं असेल तर ही वाट बंद होते. तेव्हा नवी विंडोज टाकून घेतलीत की त्याच आठवड्यात तुमच्याकडची प्रत्येक मशीन एकेकदा जोडून पाहा. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याची मशीन, वेबकॅम, सगळं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दारात रांग लागलेली असताना, ते पाहायची वेळ येऊ देऊ नका.

नमस्कार.