अंगठ्याने सुटणारा रंग

(दृश्य: मोटारसायकलच्या काळ्या साइड पॅनलचा कोपरा. अंगठा काठावर दोन-तीनदा घासतो. कोपरा सुटतो आणि सबंध पापुद्रा एका ओढीत निघतो. खाली लाल रंग.)

उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसा हा काळा रंग निघाला. खाली कंपनीचा लाल जसाच्या तसा. डब्यावर याला पीलेबल रबर कोटिंग म्हणतात, बोलताना रबर स्प्रे. वस्तू तशी जुनी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली प्लास्टी डिप ही कंपनी 1972 पासून या धंद्यात आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक होतं ते हत्यारांचं. पकडीच्या दांड्या पातळ रबरात बुडवायच्या, बाहेर काढून सुकवायच्या, की झाली मऊ मूठ. गाडीच्या अंगावर हे रबर आलं ते स्प्रेच्या डब्यातून, बऱ्याच वर्षांनी.

गॅरेजमध्ये गाडीला मारतात त्या टू-के रंगात हार्डनर घालतात. तो रंग रासायनिक क्रियेने पक्का होतो आणि मग पेट्रोलच्या फडक्याला दाद देत नाही. रबर स्प्रे असा पक्का होत नाही, तो नुसता सुकतो. नॅप्था, टोल्युइन अशा द्रावकांत विरघळवलेलं रबर पत्र्यावर पडतं, द्रावक उडून जातो, रबर मागे राहतं. पुन्हा द्रावक लागला की ते पुन्हा विरघळतं. म्हणूनच रबराचा दुसरा हात, म्हणजे दुसरा थर, पहिल्याला किंचित विरघळवून त्यात मिसळतो आणि पाच-सहा हातांची मिळून एकच साल बनते. आणि पेट्रोलही द्रावकच. त्यामुळे टाकीवर थेंब सांडला की तीच साल चघळलेल्या च्युइंगगमसारखी होते. पुढे जे काही बरं-वाईट घडतं, ते बहुतेक यातूनच.

(दृश्य: स्टँडवर उभी जुनी स्प्लेंडर. साइड पॅनल, हेडलाइटचा डूम, मागचं टेल पॅनल, टाकी.)

समोर कार्ब्युरेटरवाली स्प्लेंडर आहे. यातलं काय रंगवायचं हे आधी ठरवू. साइड पॅनल, डूम, टेल पॅनल आणि पुढचं मडगार्ड या जागा रबराला मानवतात. सायलेन्सर आणि इंजिनाच्या पट्ट्या नाहीत, कारण ही साल साधारण 90 अंश सेल्सिअसपर्यंतच तग धरते आणि सायलेन्सरचा बेंड त्याच्या कितीतरी पुढे जातो. ब्रेक, चेन, टायर, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबरप्लेट आणि चासिसवर कोरलेला नंबर यांवर एक शिंतोडाही नको.

राहिली टाकी. सगळ्यांना टाकीच करायची असते, कारण नजर तिथेच जाते. आमचं मत सरळ आहे: पूर्ण टाकी करू नका. टोपणाभोवतीची जागा आणि टोपणापासून खाली येणारा मधला पट्टा मूळ रंगातच राहू द्या, दोन्ही बगला तेवढ्या रंगवा. दुरंगी टाकी दिसतेही बरी, आणि पंपावरचा शेवटचा थेंब पडतो तिथे विरघळायला काही नसतं. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, सांडलेलं पेट्रोलही डाव्या बगलेवरच ओघळतं. म्हणून पेट्रोल भरताना मेन स्टँड.

आता हिशेब. 400 मिलीच्या डब्यात रबर थोडं. बाकी द्रावक आणि गॅस. फवाऱ्यातलंही बरंच हवेत जातं. अंगठ्याने सुटेल अशी साल हवी तर सुकल्यावर किमान 150 मायक्रॉन जाडी लागते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीचा रंग, प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरपर्यंत मिळून, साधारण 100 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे त्याच्या दीडपट. एवढ्या जाडीला एक डबा जेमतेम तीन चौरस फुटांना पुरतो. दोन साइड पॅनल, डूम आणि टेल पॅनल यांना दोन डबे, मडगार्ड धरलं तर तीन, टाकीच्या बगलांसकट चार. काळ्यावर पिवळा किंवा केशरी चढवायचा असेल तर खाली पांढऱ्याचा एक डबा वेगळा, नाहीतर पिवळा हिरवट मारतो. तीन डब्यांचं काम दोनात भागवलेल्या गाड्याच पुढे रडवतात. सुरुवातीला छान दिसतात. काढायच्या दिवशी साल निघत नाही, खरवडावी लागते.

(दृश्य: बिल्डिंगचं पार्किंग. फरशीवर पाणी शिंपडलेलं. दोरीला टांगलेली पॅनल.)

जागा हवेशीर पण वारा नसलेली. पार्किंग, गच्चीवरची शेड, अंगण, काहीही चालेल. फ्लॅटची बंद बाल्कनी चालणार नाही. हा वाफारा हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो आणि पेट घेतो. दाराआड देवघरात समई तेवत असेल, बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर तो तिथपर्यंत पोचू शकतो. तोंडाला रुमाल किंवा एन-95 मास्क लावून उपयोग नाही. ते धुळीसाठी. द्रावकाच्या वाफेला कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे.

वेळ सकाळी नऊ ते बारा. दव उडालेलं असतं, पत्रा तापलेला नसतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि काळ्या रंगावर पांढुरकं मळभ येतं. एप्रिलमध्ये विदर्भात भर दुपारी उलटाच प्रकार: थेंब पॅनलवर पोचायच्या आत हवेतच सुकतो, आणि हात फिरवला तर पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागतं.

पॅनल काढायची घाई नको. साइड पॅनलचे खुंट रबरी बुचांत बसलेले असतात. एका कोपऱ्याने हिसकलं तर खुंट मोडतो, जुनं प्लास्टिक असेल तर हमखास. बुचाजवळ बोटं घालून एकेक खुंट सोडवा. टाकी जागेवरच ठेवा. गाडी पूर्ण गार असू द्या, पेट्रोलचा कॉक बंद, टोपण घट्ट. बगला सोडून टाकीचा बाकी भाग, इंजिन आणि सीट प्लास्टिकने झाका. मडगार्ड करायचं असेल तर फोर्क आणि टायरला वर्तमानपत्र गुंडाळा.

मग धुणं. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, दोनदा. त्यानंतर सुताच्या स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणं. टायर-डॅशबोर्डला चमक आणणारं सिलिकॉनचं पॉलिश कधी मारलेलं असेल तर इथे दुप्पट वेळ द्या. सिलिकॉनचा एक ठिपका राहिला तरी रबर तिथून मागे सरतं आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खळगा पडतो. पॉलिशपेपर मात्र मारायचा नाही. साध्या रंगाला पकड हवी म्हणून पत्रा घासतात. इथे पकड बेताचीच हवी.

दोन ठिकाणी हात आखडता घ्यावा. गाडीला आधीच गल्लीतल्या गॅरेजचा रंग असेल आणि तो कुठे फुगला किंवा सुटला असेल, तर साल निघताना तो रंगही घेऊन येईल. वरून चिकटवलेल्या स्टिकरचंही तेच. आणि गंज. रबराखाली तो थांबत नाही, नुसता दिसेनासा होतो.

(दृश्य: अगदी जवळून. डबा हलतो, आतल्या गोळीचा खडखडाट. फवारा पॅनलच्या बाहेर सुरू होतो, आडवा सरकतो, पलीकडे बाहेर जाऊन थांबतो.)

गोळी वाजू लागली की तिथून पुढे पूर्ण एक मिनिट डबा हलवा. अंतर पंधरा ते वीस सेंटीमीटर, म्हणजे ताणलेल्या वितीपेक्षा थोडं कमी. बटण पॅनलच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. पॅनलवर बटण दाबलं तर पहिली थुंकी तिथेच पडते. प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्या पट्ट्यावर चढला पाहिजे.

पहिला हात विरळ. खालचा लाल अर्धाअधिक दिसत राहिला पाहिजे, बघणाऱ्याला वाटावं की काम बिघडलं. इथे झाकायची हौस केली तर ओला थर निसरड्या रंगावरून घसरतो. दुसऱ्या हातापासून मात्र ओलं मारायचं. तिरक्या उजेडात बघत राहा: फवारा जाईल तिथे पृष्ठभाग क्षणभर काचेसारखा चमकला पाहिजे. चमकला नाही तर हात भरभर जातोय किंवा डबा लांब आहे. सुकताना ही चमक जाते, रबर आकसतं आणि बारीक दाणे आपोआप बसतात.

दोन हातांमध्ये अर्धा तास. सुकलं की नाही हे पॅनलला बोट लावून बघायचं नाही. शेजारी टेपचा एक तुकडा ठेवून त्यावरही फवारत जा आणि बोट त्याला लावा. घाई केली तर वरचा थर आधी सुकतो, खालचा द्रावक कोंडतो आणि बुडबुडे उठतात. पाच हात किमान, सहा चांगले. प्रत्येक हातात पॅनलचा काठ तिरका धरून आतल्या अंगालाही फवारा द्यायचा. साल काठावर संपली तर पहिल्या पावसात तिथूनच सुटते. काठावरून आत वळलेली असली की टिकते, आणि काढताना धरायलाही तोच काठ कामी येतो.

डबा एक-तृतीयांश उरला की तो थुंकायला लागतो. उरलेला माल आतल्या बाजूंसाठी ठेवा, शेवटच्या हाताला नवा डबा घ्या. गारठ्यात डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हात घालवेल इतपतच. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात डबा फुटतो.

मधेच चिलट बसलं, धागा पडला, तर हात लावू नका. ओल्यात नख घातलं की खड्डा पडतो. सुकल्यावर चिमट्याने उचला, पुढचा हात तो डाग गिळून टाकतो. पॉलिशपेपरने घासायला गेलात तर रबराच्या गोळ्या वळतात, खोडरबराच्या भुग्यासारख्या.

(दृश्य: टाकीची बगल, शेवटचा हात अजून ओला. मास्किंग टेप हळूहळू मागे वळवून ओढली जाते.)

हा क्षण चुकवू नका. टेप काढायची ती शेवटचा हात ओला असतानाच, पाचेक मिनिटांच्या आत, टेप स्वतःवर वळवून. ओल्यात रेघ स्वच्छ सुटते. सुकू दिलं तर टेपबरोबर रबरही ताणलं जातं, काठ दातऱ्यासारखा फाटतो, आणि मग लोक ब्लेडने कापायला जातात. ब्लेड साल कापतं आणि खालचा क्लिअरही. ती चीर साल काढल्यावर दिसते, कायमची. टेप काढायला उशीर झालाच, तर काठावर पुन्हा एक ओला हात मारा, खालचं विरघळेल, मग ओढा.

चार तासांनी पॅनल हाताळता येतात, पण रात्रभर टांगून ठेवणं बरं. आठवडाभर धुवायचं नाही. त्यानंतर साबणपाणी आणि मऊ फडकं, बास. सर्व्हिसिंगला गाडी देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: प्रेशरचं पाणी काठावर मारायचं नाही आणि धुतल्यावर डिझेल मारायचं नाही. आपल्याकडे चमक यावी म्हणून गाडीवर डिझेलचा फवारा मारायची रीत आहे. रबरावर त्याने चिकट, मळखाऊ थर होतो. रॉकेलच्या फडक्याचंही तेच.

एवढं करूनही पंपावर थेंब बगलेवर पडलाच तर? माणसाचा हात आपसूक पुसायला जातो. पुसू नका. त्या घडीला रबर लोण्यासारखं असतं आणि फडक्याबरोबर ओढलं जातं. हात न लावता पेट्रोल उडू द्या. डाग राहील, पण भोक पडणार नाही. नंतर तिथे दोन हात मारले की डागही मिसळून जातो.

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. साल काढता येते म्हणून ती नियमातून सुटत नाही. गाडीचा मुख्य रंग बदलत असाल तर आधी आरटीओत नोंदीचं विचारून घ्या.

(दृश्य: पुन्हा तेच साइड पॅनल. हेअर ड्रायरची हवा, मग अंगठा.)

साल अंगावर किती दिवस ठेवायची? आपल्या उन्हात दोन वर्षं झाली की उतरवावी. त्यापुढे ती ठिसूळ होते, ताणली जाण्याऐवजी तुटते. ड्रायरने कोमट करून काठ अंगठ्याने घासा, चिमटीत पकडण्याएवढी आली की सपाट कोनात, सावकाश ओढा. तुकडे पडू लागले तर नखांनी खरवडत बसू नका. वरून त्याच रबराचे तीन ओले हात मारा आणि रात्रभर थांबा. नवा द्रावक जुनी साल विरघळवून स्वतःत घेतो आणि सकाळी दोन्ही मिळून एकच पापुद्रा निघतो. नावाच्या अक्षरांच्या खाचांत राहतात ते कण. त्यांना दात कोरायची लाकडी काडी पुरते.