वाढत्या करडांची वैरण आणि खुराक

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

शिरूर, दौंड, इंदापूर, पुरंदर या आपल्या तालुक्यांत उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्या पाळणारी अनेक कुटुंबे आहेत. आज मी दूध तुटल्यानंतरच्या, म्हणजे साधारण तीन महिन्यांपुढील करडांच्या आहाराविषयी बोलणार आहे. याच वयात वजन लवकर वाढावे म्हणून मका आणि बाजरी भरपूर घातली जाते आणि वैरण मागे पडते. माझे स्पष्ट मत आहे की करडाचा आहार वैरणीवर उभा करावा आणि खुराक त्यात जोड म्हणून द्यावा.

शेळीच्या कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू सावकाश आंबवतात आणि त्यातून तयार होणारी आम्ले शरीर ऊर्जेसाठी शोषून घेते. धान्यातील पिष्ट मात्र फार वेगाने आंबते. ते एकदम जास्त गेले तर लॅक्टिक आम्ल साठते, एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असणारा कोटीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साडेपाचाच्याही खाली उतरतो आणि तंतू पचवणारे जीवाणू निकामी होतात. यापासून करडाचे रक्षण होते ते रवंथामुळे, कारण रवंथ करताना सुटणाऱ्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात आणि ते आम्लता आटोक्यात ठेवतात. पुरेशा लांबीचा चारा पोटात असेल तरच रवंथ नीट होतो. म्हणून कडब्याची कुट्टी एक-दोन इंचांची ठेवावी, तिचे पीठ करू नये.

वीस किलोच्या करडाला वजनाच्या सुमारे ४ टक्के, म्हणजे ८०० ग्रॅम शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून उरणारा चारा) लागतो. दीड किलो लसूणघास किंवा शेवरीसारखा द्विदल हिरवा चारा, पाव किलो कोरडी वैरण आणि २५० ते ३०० ग्रॅम खुराक यांतून तो जवळपास भागतो, आणि शुष्क पदार्थाचा सुमारे दोन तृतीयांश भाग वैरणीतून येतो. खुराकात मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, गव्हाचा कोंडा, खनिज मिश्रण आणि थोडे मीठ असावे. भरडा जाडसर काढावा, कारण बारीक पीठ अधिक वेगाने आंबते.

नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर करडे वाढवणे हीदेखील चूकच आहे. कडब्यात प्रथिने फार कमी असल्यामुळे सूक्ष्मजीवांचीच उपासमार होते, पोट सुटलेले दिसते आणि अंगावर मांस चढत नाही. त्यात तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट मिसळावे. सुबाभूळ उपयुक्त आहे, परंतु तिच्यातील मिमोसीन या विषारी घटकामुळे तिचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच ठेवावे.

पुणे शहराच्या आसपास मंगल कार्यालयांतील उरलेला भात, पोळ्या आणि बेकरीतील पाव स्वस्तात मिळतात, आणि हाच मोठा धोका आहे. हे सगळे पचायला सोपे पिष्ट आहे, आणि उपाशी करडाने ते पोटभर खाल्ले तर एका दिवसात ते दगावू शकते. रवंथ थांबला, डावी कूस फुगली, करडू दात खाऊ लागले किंवा आंबूस वासाची पातळ हगवण सुरू झाली, तर धान्य तत्काळ बंद करून पशुवैद्यकांना बोलवावे. खुराक वाढवायचा असेल तर तो १० ते १४ दिवसांत थोडाथोडा वाढवावा, दिवसातून दोनदा विभागून द्यावा आणि सकाळी आधी वैरण, मग खुराक असा क्रम पाळावा. आंत्रविषार या आतड्यातील जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या रोगाची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी, कारण भरपूर धान्य खाणाऱ्या धष्टपुष्ट करडांनाच तो रोग अधिक गाठतो.

बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. धान्य आणि कोंडा यांत स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी असते, त्यामुळे खच्ची केलेल्या बोकडांना मूतखडा होतो. आहारात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावे. लसूणघासाने ते बरेचसे साधते. स्वच्छ पाणी गव्हाणीजवळ दिवसभर ठेवावे, आणि बोकड कुंथत असेल पण लघवी थेंबथेंब होत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.