आई ब्लॅक गम, बाप काठापलीकडचा

नमस्कार श्रोतेहो.

सर्दी झाली की गरम पाण्यात निलगिरीचं तेल टाकायचं आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घ्यायची, हे तुम्हाला सांगायला नको. ज्या झाडापासून हे तेल मिळतं, त्यातलं एक नामांकित झाड म्हणजे ब्लू गम. १८४३च्या सुमारास ते निलगिरी पर्वतावर लावलं गेलं आणि आपण त्याला निलगिरीच म्हणू लागलो. त्याचं माहेर मात्र दूर, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानिया बेटावर. आज बोलायचं आहे ते त्या बेटावरच्या झाडांच्या सोयरिकीबद्दल.

माझी भाची टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टला वनस्पतीशास्त्र शिकायला होती. तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं मला तिच्या काचघरात नेलं. ट्रेमध्ये ब्लॅक गमची, म्हणजे ब्लू गमच्याच नात्यातल्या एका टास्मानियन झाडाची रोपं होती, बोटभर उंचीची. "मामा, हे सगळं बी एकाच झाडाचं आहे. नीट बघा आणि वेगळं काय ते सांगा." मी चाळीस वर्षं वर्गात वनस्पतीशास्त्र शिकवलेला माणूस, चष्मा पुसून वाकलो. रोपं सारखीच दिसत होती. हिरवीगार पानं, प्रत्येकाला स्पष्ट देठ. ती काही बोलेना. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मधल्या ओळीत दोन रोपांपाशी थांबलो. पानांना देठ होता न होता एवढाच. पानं जोडीजोडीनं समोरासमोर, आणि त्यांच्यावर निळसर पांढुरकी झाक, जांभळावर असते ना तशी. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. भाची म्हणाली, "यांची आई ब्लॅक गम. बाप रस्त्यापलीकडच्या लागवडीतला."

दुसऱ्या दिवशी तिनं मला ती आई दाखवली. ओढ्याकाठच्या ओलसर सपाटीवर म्हातारी झाडं, जेमतेम दहा-बारा. रस्ता ओलांडला की कागदाच्या लगद्यासाठी लावलेली नायटेन्स नावाच्या गमची लागवड सुरू, एका रेषेत, नजर पोचेल तिथवर. मधमाश्यांना रस्ता कुठला आणि हद्द कुठली! ती दहा-बारा झाडं आणि ती हजारो झाडं, मधे नुसता एक रस्ता. हे चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नायटेन्स हे झाडही ऑस्ट्रेलियाचंच, पण व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या डोंगरांतलं. टास्मानियात ते मुळात नव्हतं. थंडी आणि हिमतुषार सोसतं, झपाट्यानं वाढतं, म्हणून तिथे आणलं. परकं झाड परदेशातूनच येतं असं नाही. एक सामुद्रधुनी ओलांडून आलेलं झाडही परकंच. आणि ऐका, लांबच्या परक्यापेक्षा नात्यातला परका इथे जास्त धोक्याचा, कारण सोयरीक नात्यातच जुळते. टास्मानियातल्या सुमारे तीस गम जातींपैकी ज्या वेगळ्या उपप्रजातीतल्या, म्हणजे या मोठ्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या आहेत, त्यांच्याशी नायटेन्सचा संकर होतच नाही. आपल्या ब्लू गमला त्याच्या मोठ्या फुलानं वाचवलं आहे. नायटेन्सचं फूल बारीक, त्याची परागनलिकाही आखूड. ब्लू गमच्या लांब कुक्षीवृंतातून, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या दांड्यातून, ती बीजांडापर्यंत पोचतच नाही. ब्लॅक गमचं फूल लहान. तिथे ती पोचते.

यातली बरीचशी संकरित रोपं अशक्त निघतात, तगत नाहीत. लागवडीपासून दूर गेलं की त्यांचं प्रमाणही झपाट्यानं घटतं. मोठ्या जंगलाला याची फारशी झळ लागणार नाही. पण ब्लॅक गमची मोठी जंगलं उरलीत कुठे? ओली, सुपीक जमीन शेतीसाठी केव्हाच मोकळी झाली. २०१९ साली ऑस्ट्रेलियानं ही वनं अतिसंकटग्रस्त ठरवली. स्विफ्ट पॅरट नावाचा छोटा पोपट विणीसाठी फक्त टास्मानियातच येतो, आणि त्या काळात मुख्यतः ब्लू गम नि ब्लॅक गमच्या फुलांतल्या मधावर जगतो. पुन्हा सांगतो: ब्लू गम आणि ब्लॅक गम, विणीच्या काळात ही दोनच झाडं त्याचा मुख्य आधार.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात रोपं वाटली जातात, तेव्हा पिशवीवर झाडाचं नावसुद्धा नसतं. बी कुठल्या डोंगरातून आणलं हेही तिथे लिहिलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांना प्रमाणपत्रं देण्यापेक्षा एकेक भिंग द्या.

भाची आता लागवडींच्या काठाकाठानं फिरते. निळसर झाक असलेलं रोप दिसलं की त्याची नोंद करते आणि ते मुळासकट उपटते. एका रोपाची पानं वहीत दाबून तिनं मला पाठवली आहेत. देठ अगदी आखूड आहे, पण आहे.